रक्त पडले म्हणजे मूळव्याधच का? वाचकांच्या पत्रांना उत्तरे

गुदद्वार आणि गुदाशय यांच्या विकारांविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. जवळजवळ प्रत्येक पत्रात ‘मला मूळव्याध आहे’ असे वाक्य आहे. पण हे निदान कोणी आणि कशावरून केले, याचा उल्लेख फार थोड्या पत्रांत आढळला. औषधाच्या दुकानातून आणलेले मलम, ओळखीच्या कोणी सांगितलेले चूर्ण, भिंतीवरच्या जाहिरातीतला दवाखाना असा प्रवास बहुतेकांचा झालेला आहे, आणि त्यात त्या जागेची प्रत्यक्ष तपासणी कोणीच केलेली नाही. म्हणून काही वाचकांना औषधाऐवजी आधी तपासणीच सांगावी लागत आहे.

प्रश्न : वय ५४, शिक्षक आहे. सात-आठ महिन्यांपासून शौचाच्या वेळी अधूनमधून रक्त पडते. वेदना अजिबात नाही. पूर्वी दिवसातून एकदा जावे लागे, आता तीन-चार वेळा जावे लागते आणि तरीही पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही. वजन थोडे उतरले आहे. मूळव्याधीचे चूर्ण चालू आहे. आणखी कोणते पथ्य पाळावे? (सोलापूर जिल्हा)

उत्तर : पथ्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात शल्यचिकित्सकाकडे जाऊन तपासणी करून घ्या. तुम्हाला घाबरवण्याचा हेतू नाही, परंतु तुम्ही लिहिलेली लक्षणे केवळ मूळव्याधीने समजावून सांगता येत नाहीत. मूळव्याधीने रक्त पडते हे खरे, पण मूळव्याधीमुळे शौचाच्या सवयीत कायमचा बदल होत नाही आणि वजनही उतरत नाही. पन्नाशीच्या पुढच्या व्यक्तीत ही तीन लक्षणे एकत्र दिसली, तर गुदाशयाचा कर्करोग नाही याची खात्री करून घेणे हे डॉक्टरांचे पहिले काम ठरते.

‘दुखत नाही, म्हणजे गंभीर नसावे’ असे तुम्ही सुचवले आहे, म्हणून थोडे शरीररचनेविषयी. गुदमार्ग, म्हणजे गुदाशय (मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग) आणि गुदद्वार यांना जोडणारा मार्ग, हा जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांबीचा असतो आणि त्याच्या मध्याजवळ अस्तरावर एक दातेरी रेषा असते. या रेषेच्या खालच्या भागाला त्वचेसारख्याच संवेदना असतात, त्यामुळे तिथली बारीकशी चीरही असह्य होते. रेषेच्या वरच्या अस्तराला मात्र कापल्याची किंवा टोचल्याची वेदना कळत नाही. म्हणून वेदनेशिवाय रक्त पडते तेव्हा उगम बहुधा रेषेच्या वर असतो, इतकाच अर्थ त्यातून काढता येतो. तिथे आतली मूळव्याध असू शकते, पॉलिप (अस्तरावर उगवलेला मांसल कोंब) असू शकतो, मोठ्या आतड्याचा दाह असू शकतो आणि कर्करोगही असू शकतो. शिवाय मूळव्याध इतकी सर्रास आढळते, की एखाद्या रुग्णाला मूळव्याध आणि कर्करोग दोन्ही एकाच वेळी असणे मुळीच दुर्मीळ नाही. मूळव्याध दिसली म्हणून तपास तिथेच थांबवला, तर वर दडलेली गाठ तशीच वाढत राहते. आपल्याकडे असे रुग्ण अनेकदा वर्ष-वर्ष मूळव्याधीच्या औषधांवर काढून मग मोठ्या रुग्णालयात पोहोचतात, आणि ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते, कारण गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ हातमोजा घातलेल्या एका बोटाला लागते. या तपासणीला एक-दोन मिनिटे लागतात आणि कोणतेही यंत्र लागत नाही.

बोटाने तपासणी झाल्यावर डॉक्टर नळीतून गुदमार्ग पाहतील आणि तुमच्या बाबतीत कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने संपूर्ण मोठ्या आतड्याची पाहणी, करून घ्यायला सांगतील. त्याबरोबर हिमोग्लोबिन तपासावे. गाठ आढळली तर तिचा तुकडा तपासणीला पाठवतात, आणि निदान पक्के झाले तर एमआरआय व सीटी स्कॅनवरून आजार किती पसरला आहे ते ठरवतात. सुरुवातीच्या अवस्थेत शस्त्रक्रियेने आजार पूर्ण बरा होऊ शकतो. पुढच्या अवस्थेत आधी किरणोपचार आणि केमोथेरपी देऊन मग शस्त्रक्रिया करतात. पोटावर कायमची पिशवी लागेल या भीतीने अनेक जण तपासणीच टाळतात. गाठ गुदद्वाराच्या स्नायूंपासून पुरेशी दूर असेल तर नैसर्गिक मार्ग राखता येतो, आणि निदान जितके लवकर होईल तितकी ही शक्यता वाढते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे, तेव्हा खर्चाच्या चिंतेनेही थांबू नका.

प्रश्न : वय २९. तीन महिन्यांपूर्वी बाळंतपण झाले, नैसर्गिक प्रसूती. दोन महिन्यांपासून शौचाच्या वेळी काच कापल्यासारखे दुखते, नंतरही दोन-तीन तास आग होते. कागदाला लाल रक्ताचा ठिपका लागतो. जायच्या भीतीने मी दोन-दोन दिवस टाळते. सासूबाई म्हणतात उष्णता झाली आहे. बाळाला त्रास होईल म्हणून पालेभाज्या बंद आहेत, पाणीही बेतानेच पिते. मूळव्याधीचे ऑपरेशन करावे लागेल का? (सातारा)

उत्तर : ताई, तुमच्या वर्णनावरून ही मूळव्याध वाटत नाही. शौचाच्या वेळी कापल्यासारखी कळ, नंतर तासन्‌तास आग आणि थोडेसे ताजे लाल रक्त, हे फिशरचे म्हणजे गुदद्वाराच्या कडेला पडलेल्या चिरेचे वर्णन आहे. बाळंतपणानंतर हा त्रास पुष्कळ स्त्रियांना होतो. कडक मलाने कातडीला चीर पडते; चीर दुखते म्हणून आतला स्नायू आवळला जातो; स्नायू आवळल्याने त्या जागेचा रक्तपुरवठा कमी होतो आणि चीर भरून येत नाही. दुखण्याच्या भीतीने शौच टाळले की मल आणखी कोरडा होतो आणि पुढच्या वेळी चीर पुन्हा उघडते. तुमचे दोन महिने या चक्रात गेले आहेत.

त्यामुळे पहिला उपाय तुमच्या ताटात आहे. बाळंतिणीने पालेभाज्या खाल्ल्या तर बाळाला बाधते, या समजाला आधार नाही, आणि अंगावर पाजणाऱ्या आईने पाणी बेताने पिणे तर उलटच आहे, कारण तिची पाण्याची गरज इतरांपेक्षा जास्त असते. ज्वारीची भाकरी, शिजवलेल्या पालेभाज्या, दुधी, पडवळ, मोड आलेली कडधान्ये, पपई, पेरू यांपैकी जे घरात होते ते रोज खा. रात्री दोन चमचे इसबगोल मोठा पेलाभर पाण्यातून घ्या. इसबगोल थोड्या पाण्यात घेतले तर ते उलट अडकते, म्हणून पाण्याचा आग्रह महत्त्वाचा. एवढ्याने मल मऊ झाला नाही, तर लॅक्टुलोजसारखे औषध डॉक्टर देतील. तीव्र रेचके मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका, कारण वारंवार जुलाब झाल्यानेही चीर चिघळते.

दुसरा उपाय कोमट पाण्याच्या टबात दहा ते पंधरा मिनिटे बसण्याचा आहे, शौचानंतर आणि रात्री झोपण्यापूर्वी. पाण्यात काही घालण्याची गरज नाही. ऊबेने स्नायू सैल होतो, हाच त्याचा उपयोग. तिसरा उपाय म्हणजे स्नायू सैल करणारे मलम. यासाठी डिल्टियाझेम किंवा नायट्रोग्लिसरीनचे मलम वापरतात. नायट्रोग्लिसरीनने अनेकांचे डोके दुखते. तुम्ही बाळाला पाजत आहात हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, म्हणजे ते त्यानुसार निवड करतील. मलम सहा ते आठ आठवडे नेमाने लावावे लागते. चार दिवसांत दुखणे कमी झाले की बहुतेक जण ते सोडून देतात आणि महिन्याभरात पुन्हा येतात. नुसते सुन्न करणारे मलम चीर भरून आणत नाही, हेही लक्षात असू द्या.

नवी चीर बहुतेकदा एवढ्यावर भरून येते. जुनी झालेली, कडा जाड झालेली आणि बाहेर कातडीचा लहान कोंब आलेली चीर औषधाने बरी झाली नाही, तर स्नायूचा थोडा भाग एका बाजूने कापण्याची छोटी शस्त्रक्रिया करतात आणि तिने दहांपैकी नऊहून अधिक रुग्ण बरे होतात. परंतु नैसर्गिक प्रसूती झालेल्या स्त्रीच्या बाबतीत या शस्त्रक्रियेची घाई मी करू देणार नाही. प्रसूतीत गुदद्वाराच्या स्नायूंना न जाणवलेली इजा झालेली असू शकते, आणि त्यावर आणखी स्नायू कापला तर पुढे वायू किंवा पातळ मल रोखून धरणे अवघड होऊ शकते. आधी औषधाचा पूर्ण काळ जाऊ द्या. तरी गरज पडलीच, तर स्नायू न कापता तो तात्पुरता सैल करणारे बोटुलिनमचे इंजेक्शन देण्याचा पर्यायही आहे.

सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवा. त्या काळजीपोटीच सांगत आहेत, आणि भाजी व पाणी त्यांनीच पुढे केले तर तुमचे अर्धे काम होईल.

प्रश्न : वय ४१, वाहतुकीचा व्यवसाय. मूळव्याध आहे असे सर्जनने तपासून सांगितले आहे. कोंब शौचाच्या वेळी बाहेर येतात आणि आपोआप आत जातात. एक डॉक्टर रबर बँड सांगतात, दुसरे लेझर, तिसरे स्टेपलर. जाहिरातीत ‘टाके नाहीत, वेदना नाहीत, त्याच दिवशी घरी’ असे लिहिलेले असते. काय करावे? (नाशिक)

उत्तर : तुमची तपासणी झालेली आहे, त्यामुळे तुम्हाला नेमके उत्तर देता येते. गुदमार्गात रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकाला असतात आणि त्या मार्ग घट्ट बंद ठेवायला मदत करतात. कुंथण्याने त्यांचा आधार सैल होऊन त्या फुगतात आणि खाली घसरतात, तेव्हा आपण त्याला मूळव्याध म्हणतो. नुसते रक्त पडते पण कोंब बाहेर येत नाही ती पहिली पायरी. कोंब बाहेर येऊन आपोआप आत जातो ती दुसरी. हाताने आत ढकलावा लागतो ती तिसरी. आणि आत जातच नाही ती चौथी. तुम्ही दुसऱ्या पायरीवर आहात.

या पायरीवर रबर बँड हा चांगला, सोपा आणि कमी खर्चाचा उपाय आहे. दातेरी रेषेच्या वर, जिथे वेदना कळत नाही तिथे, कोंबाच्या मुळाशी रबराचे लहान कडे बसवतात. भूल लागत नाही आणि रुग्ण चालत घरी जातो. एक-दोन दिवस जडपणा वाटतो, आठ-दहा दिवसांत कोंब सुकून गळतो आणि त्या वेळी थोडे रक्त दिसू शकते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगितले पाहिजे. बँडनंतर ताप आला, दुखणे वाढत गेले किंवा लघवी अडली, तर वाट न पाहता रुग्णालयात जावे. असे क्वचितच होते, पण झाल्यास दुर्लक्ष महागात पडते. काहींना वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा बँड लावावे लागतात.

स्टेपलरची पद्धत, म्हणजे यंत्राने वरच्या अस्तराचा पट्टा कापून कोंब वर ओढून टाचण्याची पद्धत, इटलीचे शल्यचिकित्सक अँटोनिओ लोंगो यांनी १९९० च्या दशकात रूढ केली. तिच्यात सुरुवातीची वेदना कमी असते, मात्र कोंब कापून काढण्याच्या जुन्या शस्त्रक्रियेपेक्षा तिच्यानंतर मूळव्याध पुन्हा होण्याचे प्रमाण अधिक आहे. मिलिगन आणि मॉर्गन या शल्यचिकित्सकांनी १९३७ साली लंडनहून प्रसिद्ध केलेली ही जुनी शस्त्रक्रिया दुखते, दोन-तीन आठवडे त्रास देते, पण मोठ्या आणि चौथ्या पायरीच्या मूळव्याधीसाठी तिचा परिणाम आजही सर्वांत टिकाऊ मानला जातो. लेझरने वेदना कमी होतात हे खरे. लेझरचे दीर्घकाळचे निकाल मात्र अजून तितके हाती नाहीत. तुमच्या पायरीला लेझर किंवा स्टेपलरची आवश्यकता मला दिसत नाही. जाहिरातीतली वाक्ये यंत्राविषयी असतात. तुम्हाला कोणता उपचार लागेल हे तुमची पायरी ठरवते.

कोणताही उपचार घेतला तरी तासन्‌तास गाडीत बसून पाणी न पिणे, ढाब्यावरचे मैद्याचे खाणे आणि शौचालयात मोबाइल घेऊन बसणे चालू राहिले, तर त्रास परत येणार. शौचाला पाच मिनिटांहून अधिक बसू नये.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. पदवीचा पत्ता नसलेल्या माणसाकडून कोंबात ‘इंजेक्शन’ घेऊ नका किंवा जाळणारे औषध लावून घेऊ नका. शिक्षित शल्यचिकित्सकही कोंबात औषध टोचतात, परंतु त्या औषधाचे प्रमाण आणि जागा ठरलेली असते. अनोळखी दाहक द्रव टोचल्याने आजूबाजूचे मांस सडते आणि बरे होताना गुदद्वार आकसून करंगळीही जाणार नाही इतके अरुंद होते. असे रुग्ण येतात तेव्हा मूळची मूळव्याध फार किरकोळ होती असे अनेकदा लक्षात येते.

प्रश्न : वय ३६. गुदद्वाराशेजारी दोन वर्षांपूर्वी गळू आले आणि आपोआप फुटले. तेव्हापासून त्या छिद्रातून पू येतो, मध्येच बंद होतो, पुन्हा सुरू होतो. एकदा ऑपरेशन झाले, तरी परत उद्भवले. आता क्षारसूत्र करावे असे सुचवले आहे. मधुमेह आहे. (अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : हा भगंदर आहे. गुदमार्गाच्या दोन स्नायूंमध्ये लहान ग्रंथी असतात. त्यांत जंतुसंसर्ग होऊन पू बाहेरच्या कातडीकडे वाट काढतो. गळू फुटले तरी आतले तोंड उघडे राहिले, तर आत-बाहेर जोडणारी नळी तयार होते. अशा गळूंपैकी साधारण एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांत पुढे भगंदर होतो. बाहेरचे छिद्र बंद झाल्यावर लोक बरे झालो असे समजतात, परंतु नळी आत तशीच असते आणि पू साठला की पुन्हा फुटते. अँटिबायोटिक गोळ्यांनी ही नळी कधीच भरून येत नाही.

शस्त्रक्रियेत दोन गोष्टी एकाच वेळी साधायच्या असतात: नळी पूर्ण नाहीशी करायची आणि मल रोखणारे स्नायू राखायचे. नळी स्नायूंच्या खालच्या थोड्याच भागातून जात असेल, तर ती उघडी करून भरू देणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग. ती बऱ्याच स्नायूंतून जात असेल तर सरळ कापणे धोक्याचे ठरते. तिथे आधी नळीतून सेटनचा, म्हणजे पू वाहता ठेवणारा, धागा ओवतात, किंवा दोन स्नायूंच्या मधे नळी बांधून तोडण्याची लिफ्ट ही पद्धत वापरतात. तुमचा भगंदर एकदा उलटला आहे, म्हणून पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी एमआरआय करून घ्याच. परत उद्भवण्याचे नेहमीचे कारण म्हणजे पहिल्या वेळी आतले तोंड किंवा एखादी फुटलेली शाखा राहून गेलेली असणे.

क्षारसूत्राविषयी तुम्ही मोकळेपणाने विचारले, हे बरे झाले. सुश्रुतसंहितेत भगंदरासाठी क्षाराने माखलेल्या धाग्याचा उल्लेख आहे. आजच्या पद्धतीत स्नुहीचा, म्हणजे एका निवडुंगासारख्या झाडाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे मिळून २१ लेप धाग्याला देतात. हा धागा नळीतून ओवून दर आठवड्याला बदलतात आणि तो नळी हळूहळू कापत असताना मागची जागा भरत येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने अनेक केंद्रांत झालेल्या आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत क्षारसूत्रानंतर भगंदर पुन्हा होण्याचे प्रमाण ४ टक्के आणि शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के आढळले. बरे व्हायला मात्र क्षारसूत्राला सुमारे आठ आठवडे लागले आणि शस्त्रक्रियेला चार. मी स्वतः आधुनिक शास्त्राचा शल्यचिकित्सक असूनही योग्य रुग्णाला हा उपचार नाकारत नाही. अट एवढीच, की तो आयुर्वेदातील शल्यतंत्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या वैद्यांकडून व्हावा आणि नळीचा मार्ग आधी कळलेला असावा. स्नायू हळूहळू कापला जात असला तरी कापला जातोच, हे विसरू नये.

तुमच्या बाबतीत आणखी दोन सूचना. साखर आटोक्यात आणल्याशिवाय कोणतीही जखम नीट भरणार नाही. आणि नळीचा काढलेला भाग तपासणीला पाठवून क्षयरोग नाही याची खात्री करून घ्यायला डॉक्टरांना सांगा, कारण आपल्या देशात वारंवार उलटणाऱ्या भगंदरामागे कधीकधी क्षयरोग असतो आणि मग उपचार सर्वस्वी बदलतो. पुन्हा गळू येऊन ताप आला, तर मधुमेही रुग्णाने एक रात्रही थांबू नये. पू त्याच दिवशी काढावा लागतो.

प्रश्न : आईचे वय ७८. शौचाच्या वेळी मोठा लाल गोळा बाहेर येतो, हाताने ढकलावा लागतो, कपडे खराब होतात. ती कोणाला सांगू देत नाही. (रत्नागिरी)

उत्तर : हा बहुधा गुदभ्रंश आहे, म्हणजे गुदाशयाची पूर्ण भिंत बाहेर येत आहे. गोळ्यावर गोल वळ्या दिसत असतील तर तो गुदभ्रंश. वेगवेगळे फुगवटे दिसत असतील तर मूळव्याध. यावर औषध नाही, पण वयाचा बाऊही करू नका. प्रकृती चांगली असेल तर दुर्बिणीने पोटातून गुदाशय वर बांधतात, आणि नसेल तर खालूनच करता येणाऱ्या शस्त्रक्रिया आहेत, ज्या कमरेखालचा भाग बधिर करूनही होतात. गोळा आत जात नसेल आणि काळा-निळा पडू लागला, तर ताबडतोब रुग्णालय गाठा.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीला रात्री गुदद्वाराशी खूप खाज सुटते. मूळव्याध मुलांना होते का? (पुणे)

उत्तर : लहान मुलांना मूळव्याध क्वचितच होते. रात्रीची खाज बहुधा बारीक पांढऱ्या जंतांमुळे असते. डॉक्टर वजनानुसार जंतांचे औषध देतील. ते दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावे लागते आणि घरातल्या सर्वांनी एकाच वेळी घ्यावे. नखे बारीक कापा, चादरी गरम पाण्याने धुवा. खाजेशिवाय, न दुखता रक्त पडले, तर मात्र पॉलिपची शंका घेऊन बालशल्यचिकित्सकांना दाखवा.

प्रश्न : मी अविवाहित आहे, वय ३३. रक्त पडते, पण पुरुष डॉक्टरांसमोर तपासणीला जाण्याचे धाडस होत नाही. तपासणीत नेमके काय करतात? (ठाणे)

उत्तर : तुम्हाला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायला सांगतील. कमरेपासून खाली चादर घातलेली असते आणि फक्त आवश्यक तेवढाच भाग उघडा करतात. आधी बाहेरून पाहणी होते. फिशर, बाहेरची गाठ आणि भगंदराचे तोंड बहुतेकदा इथेच दिसते. मग जेली लावलेल्या बोटाने तपासतात आणि शेवटी आखूड नळीतून पाहतात. दडपण जाणवते, तीव्र दुखले तर तसे सांगा. फिशरच्या रुग्णाला दुखत असताना बोट घालण्याचा आग्रह डॉक्टरांनी धरू नये. उपचार सुरू करून ती तपासणी दोन-तीन आठवड्यांनी करता येते. खोलीत परिचारिका किंवा दुसरी स्त्री उपस्थित असलीच पाहिजे, आणि नसेल तर तपासणीपूर्वी थांबून तशी मागणी करण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. सोबत बहीण किंवा मैत्रीण नेली तरी चालते. ठाणे-मुंबई परिसरात स्त्री शल्यचिकित्सक आहेत; फोनवर वेळ घेतानाच तसे विचारावे. मासिक पाळी चालू असली तरी तपासणीला अडचण येत नाही, त्यामुळे तेवढ्यासाठी तारीख पुढे ढकलू नका.